तंबू, बोट आणि धरणातलं बेट : गटानं यात पडावं का?



आपल्याकडे एखादी म्हणाली, "मी कॅम्पला चाललेय," तर ती उल्हासनगरला निघालीय हे कुणालाही समजतं. लग्नाचा बस्ता, मुलांचे कपडे, पडदे, सगळं कॅम्पातूनच. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंध सोडून आलेली कुटुंबं त्या बराकींमध्ये उतरली, आणि 8 ऑगस्ट 1949 ला त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं. 'कॅम्प नंबर चार' हा पत्ता मात्र आजही टिकून आहे.

आता 'कॅम्पिंग' असा नवा शब्द आपल्या बैठकांत येऊ लागलाय. शहरातली पोरंपोरी शनिवारी येतात, पाण्याकाठी तंबू ठोकतात, रात्री चांदण्या बघतात, सकाळी पोहे खाऊन परत जातात. काहींना काठही पुरत नाही. त्यांना बोटीतून किंवा कायाकमधून धरणातल्या बेटावर जाऊन राहायचं असतं. कायाक म्हणजे एक किंवा दोन माणसांची अरुंद, हलकी होडी, दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं चालवायची. मग कुणीतरी गटाकडे येतो आणि म्हणतो, "ताई, तुम्ही कर्ज काढून तंबू घ्या, गिऱ्हाईक मी आणतो." याला काय उत्तर द्यायचं, ते ठरवायला मदत व्हावी म्हणून हा लेख.

आधी बेट म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्या सह्याद्रीतल्या बहुतेक मोठ्या तलावांतली बेटं ही जुन्या डोंगरांची टोकं आहेत. नदीवर भिंत घातली, खोरं भरलं, गावं आणि शेतं पाण्याखाली गेली आणि टेकडीचा माथा तेवढा वर राहिला. म्हणून ही बेटं वर्षभर सारखी नसतात. ऑगस्ट-सप्टेंबरला जे बेट असतं, तेच एप्रिल-मे मध्ये पाणी उतरल्यावर काठाला जोडलं जातं. मध्ये मात्र चिखलाचा पट्टा राहतो, वरून सुकलेला आणि आतून ओला. त्यात गुडघ्यापर्यंत पाय जातो. नकाशात बेट दिसलं म्हणून तिथे राहता येईलच असं नाही.

आपल्या जवळचं मोठं पाणी म्हणजे बारवी धरण. ते एमआयडीसीचं. या धरणाची उंची टप्प्याटप्प्यानं वाढवली. वाढीव उंचीपर्यंत पाणी 2019 मध्ये साठलं तेव्हा मुरबाड तालुक्यातल्या तोंडली, काचकोलीसारख्या गावांतल्या लोकांना घरं सोडावी लागली. बारवीचं पाणी नदीतून खाली येतं, जांभूळला शुद्ध होतं आणि पुढे कारखान्यांना आणि शहरांना जातं. उल्हासनगरचं पिण्याचं पाणी एमआयडीसीकडूनच येतं. तेव्हा तिथल्या काठावर कुणी शौचाला बसलं, प्लास्टिक टाकलं, तर ते आपल्याच बहिणीच्या हंड्याकडे चाललंय, एवढं ध्यानात असू द्या. बारवी हे सहलीसाठी बांधलेलं धरण नाही. पावसाळ्यात धरणं, धबधबे आणि कोंडेश्वरसारख्या ठिकाणी जायला प्रशासन मनाई आदेश काढतं आणि पोलीस गाड्या परत पाठवतात. एमआयडीसीची लेखी परवानगी दाखवल्याशिवाय कुणी "बारवीच्या बेटावर कॅम्प लावू" म्हणाला, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

मग हा धंदा नीट कुठे चालतो? साताऱ्याकडे बघा. कोयना धरणाच्या पाण्याला शिवसागर म्हणतात. त्याच्या काठावर महाबळेश्वर तालुक्यात तापोळा आणि जावळी तालुक्यात बामणोली ही गावं आहेत. धरणानं त्या खोऱ्यातली शेती गिळली. रस्ते तुटले, तेव्हा या गावांची एसटी म्हणजे होडीच. आज त्याच गावांतली माणसं बोट क्लब चालवतात. बामणोलीहून वासोटा किल्ल्याच्या पायथ्याशी जायला बोटीतून तासाभराहून जास्त वेळ लागतो. तिथे वनखात्याची नोंद आणि परवानगी लागते, कारण तो भाग कोयना अभयारण्यात येतो. वासोट्यावर रात्री राहायला बंदी आहे. लोक दिवसा किल्ला बघतात, संध्याकाळी बोटीनं परत येतात आणि तंबूत राहतात ते अलीकडच्या काठावर, गावाच्या हाकेच्या अंतरात. पाण्यापलीकडचं जंगल बघायचं, पण झोपायचं गावाच्या बाजूला. मला ही वाटणी फार शहाणपणाची वाटते. जेवणाचे आणि राहण्याचे पैसेही त्यामुळे गावातच राहतात.

नगरकडे भंडारदऱ्यालाही असंच आहे. शेंडी गावातून बोटीनं पाणी ओलांडून रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराकडे जाता येतं. मे-जूनमध्ये काजवे बघायला तिथे गर्दी लोटते. पवना धरणाच्या काठी तर तंबूंच्या रांगाच रांगा लागतात. तिथून एक धडा मात्र उलटा घ्यायचा : मोठ्यानं गाणी, दारू आणि कचरा सुरू झाला की गावातल्या बायकांना संध्याकाळी पाण्यावर जाणं नको होतं. गटानं काम घ्यायचं असेल तर रात्री दहानंतर स्पीकर नाही आणि दारू नाही, हे पैसे घेण्याआधी सांगायचं. गिऱ्हाईक तुटलं तर तुटू दे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाणी. 21 मे 2024 च्या संध्याकाळी उजनी धरणात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यात लहान लेकरंही होती. ती माणसं सहलीची नव्हती, नेहमीच्या वाटेनं पाणी ओलांडत होती. वळवाचा वारा सुटायला पाच मिनिटं पुरतात, आणि धरणाच्या उघड्या पाण्यावर त्याला अडवायला झाड नाही की भिंत नाही. म्हणून बोटीची वेळ सकाळचीच ठेवतात. दुपारनंतर वारा वाढतो, तेव्हा कायाक तर काठावरच ओढून ठेवायची. बेटावर गेलेल्या माणसांना वारा असेल तर परत आणायचं नसतं, हेही लक्षात ठेवा. ती तिथेच थांबलेली बरी. यासाठी बेटावर एका रात्रीचं जास्तीचं अन्न आणि पाणी न्यावंच लागतं.

लाइफ जॅकेट म्हणजे बोटीत एका कोपऱ्यात ढीग करून ठेवायची वस्तू नाही. घालून सगळे पट्टे आवळायचे, मग दुसरीनं खांद्यापाशी धरून वर ओढून बघायचं. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते ढिलं आहे, पाण्यात डोक्यातून निघून जाईल. मुलाला मोठ्याचं जॅकेट चालत नाही. "मला पोहता येतं" म्हणणाऱ्यालाही घालायला लावायचं, कारण डोक्याला मार लागला की पोहणं कामाला येत नाही. साडी नेसून बोटीत बसणाऱ्या आपल्या बायकांनी पदर खोचून घ्यावा, आणि जॅकेट पदराच्या वरून घालावं.

पाणी किती लवकर चढतं हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. आपल्या भागातले गावकरीही मदतीला धावले होते. रेल्वेची गाडी जिथे अडकते तिथे तंबूचं काय! बारवीला स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते उघडतात आणि खालच्या नदीत पाणी एकदम वाढतं. म्हणून धरणाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रात किंवा वाळूवर पावसाळ्यात तंबू लावायचाच नाही. कोजागिरी ते होळी हा खरा हंगाम, त्यापलीकडे हात घालू नये असं माझं मत आहे.

तंबूच्या आत एक धोका असा आहे जो दिसत नाही. थंडीच्या रात्री लोक कोळशाची शेगडी विझत आली म्हणून तंबूत घेतात आणि चेन लावून झोपतात. निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, खोकला येत नाही. माणूस झोपेतच जातो. शेगडी, गॅस, डासांची अगरबत्ती, काहीही आत न्यायचं नाही. शाल हवी तर दोन जास्त द्या. विंचू-साप टाळायला तंबूची चेन सतत बंद, चपला आत, आणि सकाळी चपला झटकून मगच पायात घालायच्या. हे आपल्याला माहीत असतं, शहरातल्या पोरांना नसतं, म्हणून त्यांना आल्या आल्या सांगायचं. 108 आणि 112 हे नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असतात, पण बेटावर रेंज आहे का, हे आधी जाऊन तपासलेलं असावं.

आता हिशोब. समजा शनिवारी दहा माणसं आली. संध्याकाळी चहा-भजी, रात्री भाकरी, पिठलं, ठेचा, कोंबडीचा रस्सा, सकाळी पोहे. माणशी 350 रुपये ठरले तर 3,500 आले. किराणा, भाजी, कोंबडी, गॅस यांत 1,900 गेले, टेंपोला 300. उरले 1,300. चौघी राबल्या तर प्रत्येकीला 325 रुपये. फार नाही, पण यात कर्ज नाही, भांडी गटाचीच आहेत, आणि गिऱ्हाईक आलं नाही तर नुकसान नाही.

आता तंबूंचं बघा. समजा दहा तंबू प्रत्येकी 4,000 रुपयांना घेतले, म्हणजे 40,000. हंगामात वीस शनिवार धरा. एका तंबूचं भाडं 300 धरलं आणि दर शनिवारी सगळे भरले, तर 60,000 येतात. निम्मेच भरले तर 30,000. म्हणजे पहिल्या वर्षी मुद्दलही सुटलं नाही. त्यात गाद्या, सतरंज्या, बॅटऱ्या धरलेल्याच नाहीत. धंदा पाच महिन्यांचा आणि हप्ता बारा महिन्यांचा. हप्ता थकला तर तो आणून देणारा एजंट येत नाही, गटातल्या सगळ्या दहा-बारा जणी भरतात आणि पुढच्या वेळी बँक आपल्याकडे तिरप्या नजरेनं बघते. म्हणून पहिलं वर्ष फक्त जेवणाचं काम घ्या. तंबू आणि बोट ज्याचे त्याचे. दुसऱ्या वर्षी वाटलं तर दोन-चार तंबू, तेही अंतर्गत बचतीतून.

एक छोटं काम आणखी आहे. तंबूचं कापड टिकतं, चेन आधी जाते. नवीन तंबू आणण्यापेक्षा चेन बदलून घेणं कितीतरी स्वस्त. उल्हासनगरच्या जीन्सच्या कामामुळे आपल्या भागात शिवणयंत्रावर हात बसलेल्या कितीतरी बायका आहेत. जाड कापडाला चेन लावणं त्यांना डाव्या हाताचा मळ. तंबूवाल्यांकडून हंगाम संपताना फाटके तंबू मागून घ्यावेत, पावसाळ्यात दुरुस्त करून द्यावेत. यात पाण्याचा धोका शून्य.

ज्यांना खरंच स्वतःचं केंद्र उभं करायचं आहे, त्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीपासून सुरुवात करावी. शेतात राहण्याची सोय करायची असेल तर राज्याचं 2020 चं कृषी पर्यटन धोरण आहे. बोट, कायाक असे साहसी प्रकार असतील तर त्यांची नोंदणी वेगळी होते. 2023 मध्ये महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आलं. त्यात महिलेच्या मालकीच्या नोंदणीकृत पर्यटन व्यवसायाला बँकेनं 15 लाखांपर्यंत कर्ज दिलं तर त्यावरचं व्याज ठरावीक मर्यादेत शासन परत देतं. नीट वाचा : व्याज परत मिळतं, मुद्दल आपणच फेडायचं असतं, आणि हप्ते वेळेवर गेले तरच. गावात येऊन "सरकार पंधरा लाख देतंय" असं सांगणाऱ्याकडे आपली आधार कार्डं देऊन बसू नका.

गटापुढे असा प्रस्ताव आला तर सही करण्याआधी त्या माणसाकडून चार कागद मागा. जागा कुणाची आहे त्याचा सातबारा, किंवा धरणाची असेल तर त्या खात्याची परवानगी. बोटीची नोंदणी आणि विमा. किती लाइफ जॅकेट आहेत त्याची पावती, आणि ती एका रविवारी प्रत्यक्ष मोजून यायची. अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, हे लिहिलेला करारनामा, मराठीत. सगळे कागद मिळाले तर त्यांची झेरॉक्स ग्रामसंघाच्या बैठकीत ठेवा आणि ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. प्रभाग संघाच्या पुढच्या बैठकीला या विषयासाठी अर्धा तास ठेवलेला आहे. ज्या गटांना विचारणा आलेली आहे, त्यांच्या अध्यक्ष आणि सचिव ताईंनी कागद घेऊनच यावं.