जुन्या टाक्यांच्या वर

काका 67 वर्षांचे. 11 वर्षांपूर्वी त्यांच्या पोटातल्या महाधमनीचा फुगा काढून डॅक्रॉनची नळी बसवली होती. नळी उत्तम आहे. पण तिच्या वरची महाधमनी, एरवी 2 सेंटिमीटरची, आता 6.3 झाली आहे. मूत्रपिंडांच्या धमन्या त्या फुगवट्यातूनच निघतात, त्यामुळे जांघेतून साधा स्टेंट सरकवून भागत नाही. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी काकांनी विचारलं, "नको म्हटलं तर?" आईनस्टाईनच्याही महाधमनीच्या फुग्याभोवती 1948 साली सेलोफेन गुंडाळलं होतं, 1955 साली तो फुटला तेव्हा त्यांनी दुसरी शस्त्रक्रिया नाकारली. 'नको' म्हणण्याचा हक्क काकांचाही आहे, आणि मी तो त्यांना नीट समजावला.

काकांनी होकार दिला. भूल देऊन मी उशाशी उभी. पहिल्या वेळी पोटातले थर सुटे असतात. दुसऱ्या वेळी सगळ्याचा मिळून घट्ट व्रण. म्हणून सर्जन पुढून न जाता डाव्या कुशीतून शिरले. तरी आतड्याचा एक भाग जुन्या नळीला चिकटलेला निघालाच. तिथे भोक पडलं तर जंतू नळीला लागतात, आणि त्या संसर्गातून वाचणं फार कठीण. दीड तास कात्री मिलिमीटर-मिलिमीटरने चालली. मूत्रवाहिनी व्रणात हरवू नये म्हणून तिच्यात आधीच स्टेंट ठेवला होता. तो बोटाला लागला आणि सर्जन इतकंच म्हणाले, "सापडली."

मग, "मॅडम, क्लॅम्प लावतोय."

श्वासपटलाच्या अगदी खाली चिमटा बसला. आता आतडी, मूत्रपिंडं, पाय, कशालाच नेहमीचं रक्त नाही. मूत्रपिंडांत थंड द्रव सोडला. मला खरी धास्ती मज्जारज्जूची. त्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक धमन्यांपैकी काही पहिल्याच वेळी बांधल्या गेल्या होत्या. आज आणखी जाणार. म्हणून कंबरेत नळी घालून मणक्यातलं पाणी थोडं थोडं काढत होते आणि रक्तदाब चढाच ठेवत होते. शिवण संपली. "हळूहळू सोडा, सर." क्लॅम्प सैल होताच दाब 70 वर आला, मग सावरला.

रात्री आयसीयूत काकांनी दोन्ही अंगठे हलवले. पण पाय उशिराही जाऊ शकतात, दाब उतरला की. कंबरेतली नळी तशीच आहे. सिस्टर दर तासाला त्यांना उठवते, "काका, पाय हलवा बघू."