परसातला कोबी गड्डा का धरत नाही? बी टाकायची वेळ चुकते म्हणून!

बेळगाव : परसात कोबी लावला, पाने ताटाएवढी झाली, पण गड्डा काही धरला नाही, ही तक्रार नेहमीची. दोष दिला जातो बियाण्याला. बहुतेक वेळा चुकलेली असते ती तारीख.

कोबी थंडीचे पीक. पाने आत वळून घट्ट गड्डा व्हायला साधारण १५ ते २० अंशांची हवा मानवते. बेळगाव, खानापूर भागात त्याच्या जवळपास जाणारा गारवा डिसेंबर-जानेवारीत मिळतो, म्हणून हिशेब मागून करायचा. ‘गोल्डन एकर’सारखी लवकर येणारी जात लावणीनंतर ६० ते ६५ दिवसांत तयार होते, त्याआधी रोपाला ४-५ आठवडे. म्हणजे बी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पडले पाहिजे. पितृपक्षात बी टाकायचे नाही म्हणणारे घटस्थापनेपर्यंत थांबले तरी बिघडत नाही. जानेवारीत बी टाकले तर मात्र गड्डा धरायच्या वेळी मार्च-एप्रिलचे ऊन गाठते.

१० ग्रॅमच्या पुडीत अडीच-तीन हजार बिया असतात. घराला २० रोपे खूप झाली, तेव्हा शेजारीपाजारी वाटून घ्यावे. उरलेले बी कोरड्या, गार जागी ३-४ वर्षे चालते. बी घरी धरता येत नाही, कारण कोबीला फुलावर यायला कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. ती हिमाचल, काश्मीरकडे मिळते, इथे नाही. रंग लावलेले बी औषध चोळलेले असते, हाताळल्यावर हात धुवावेत.

बी ट्रेमध्ये अर्धा इंच खोल टाकावे, परतीच्या पावसापासून आडोसा द्यावा. ५-६ दिवसांत उगवते. खरा धोका इथेच! पाणी जास्त झाले की कोवळी रोपे बुडातून कोलमडतात. माती ओलसर हवी, चिखल नको. ४-५ पाने आली की संध्याकाळी लावणी करावी, दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवून. जागा वाचवायला दाटी केली की गड्डे लिंबाएवढेच राहतात. आदल्या हंगामात फ्लॉवर, मुळा किंवा मोहरी होती ती जागा टाळावी, रोग एकच.

बाजारात कोबी स्वस्त असताना हा खटाटोप परवडतो का? पैशांत पाहिले तर नाही. पण पानाला चाळणी करणाऱ्या अळीमुळे या पिकावर फवारण्या खूप होतात, आणि घरी त्या आपल्या हातात राहतात. १०-२० रोपांच्या अळ्या सकाळी वेचता येतात. कडेला १५ दिवस आधी मोहरी टाकली तर अळीचा पतंग आणि मावा आधी तिकडे जातात. तरीही आवरले नाही तर ५ टक्के निंबोळी अर्क. युरियाचा हात आखडता ठेवावा, जास्त झाला तर नुसता पाला वाढतो.

गड्डा दाबून घट्ट लागला की लगेच कापावा. कोरड्या पडलेल्या वाफ्याला एकदम भरपूर पाणी दिले की तयार गड्डे फुटतात. कापताना बुंधा आणि खालची पाने ठेवली तर त्यावर पुन्हा छोटे गड्डे येतात, एका वेळच्या भाजीपुरते.