गाडीच्या वाटेवरचें बिऱ्हाड

शहरांत भाड्याच्या दोन खोल्यांत संसार करणाऱ्या गृहस्थाच्या मनांत वर्षांतून एकदां तरी एक विचार आल्यावांचून राहत नाहीं. तो म्हणजे, गाडीच्या वाटेवर एखाद्या लहानशा गांवीं बिऱ्हाड केलें तर? श्रावणांतल्या एखाद्या रविवारीं तो सहकुटुंब कर्जतच्या गाडींत बसतो आणि वांगणीला किंवा नेरळला उतरतो. समोर डोंगर हिरवेगार असतात, भाताच्या खाचरांत पाणी उभें असतें, रस्त्यावर गर्दी नसते; आणि शहरांत एका खोलीला जें भाडें पडतें त्यांत येथें तीन खोल्या व पुढें ओटा मिळूं शकतो, असें त्याला कळतें. संध्याकाळच्या गाडीनें परततांना त्याचा निम्मा निश्चय झालेला असतो.

आजच्या भाषणांत मला हा निश्चय मोडावयाचा नाहीं. तो पुरा करण्यापूर्वीं कोणते चार हिशेब मांडून पाहावे, एवढेंच सांगावयाचें आहे. कारण बिऱ्हाड हलविणें म्हणजे केवळ भांडींकुंडीं हलविणें नव्हे. घरांतील प्रत्येक माणसाचा दिवस बदलणें होय.

हीं गांवें मुंबईच्या दाराशीं आलीं तीं आगगाडीमुळें. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. पुढच्याच वर्षीं रूळ कल्याणला पोहोंचले व १८५६ मध्यें खोपोलीपर्यंत गेले. १८६३ मध्यें बोरघाटाची चढण गाडीला खुली झाली आणि मुंबई व पुणें हीं सलग जोडलीं गेलीं. नेरळहून माथेरानची छोटी गाडी १९०७ मध्यें सुरू झाली. १९२५ मध्यें मुंबईंत विजेची पहिली गाडी कुर्ल्यापर्यंत धावली, आणि पुढें विजेच्या तारा घाटाकडेही आल्या. पूर्वीं जें अंतर लोक कोसांत मोजीत, तें आतां गाडीच्या वेळापत्रकांत मोजूं लागले. बदलापूर हें एके काळचें खेडें. आज तेथें नगरपरिषद आहे आणि त्याला शहरच म्हटलें पाहिजे. त्याच्या पुढें वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी या स्थानकांभोंवतीं अजून शेत, ओढा आणि मोकळें आभाळ शिल्लक आहे. परंतु तेथेंही इमारती उठत आहेत. आज शांत दिसणारें गांव दहा वर्षांनींही तसेंच राहील, असें कोणीं गृहीत धरूं नये. किंबहुना म्हणूनच प्रथम घर विकत न घेतां तें भाड्यानें घेऊन पाहावें, हें शहाणपणाचें.

पहिला हिशेब वेळेचा. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर सुमारें ६८ किलोमीटर, नेरळ सुमारें ८७ आणि कर्जत सुमारें १०० किलोमीटर आहे. नेरळहून जलद गाडीनेंही पावणेदोन-दोन तास लागतात. त्यांत घरापासून स्थानकापर्यंतची वाट, गाडीची वाट पाहणें आणि उतरल्यावर कचेरीपर्यंतचा रस्ता मिळविला, म्हणजे एका खेपेला अडीच तास सहज होतात. येऊनजाऊन पांच तास. महिन्याचे पंचवीस दिवस कामाचे धरले तर सव्वाशे तास. म्हणजे दर महिन्यास पांच अहोरात्र आपण गाडींत व रस्त्यावर काढणार!

यावर कोणी म्हणेल, शहरांत राहूनही दोन तास जातातच. तें खरें आहे, म्हणून तेवढे वजा करूं. रोजचे तीन तास जास्त, म्हणजे महिन्याचे पंचाहत्तर. आतां उदाहरणादाखल असें समजा कीं, भाड्यांत दरमहा बारा हजार रुपये वांचतात आणि पास, रिक्षा व बाहेरचें खाणें यांत तीन हजार अधिक जातात. शिल्लक राहिले नऊ हजार. नऊ हजारांना पंचाहत्तरांनीं भागलें कीं तासाला एकशेंवीस रुपये येतात. आपल्या आयुष्याचा एक तास आपण एकशेंवीस रुपयांस देत आहों, हें लक्षांत ठेवून मग सौदा करावा. कोणाला तो परवडेल, कोणाला परवडणार नाहीं. पण किंमत न विचारतां माल घेऊं नये. प्रत्येकानें आपले आंकडे घालून हें गणित स्वतः करावें.

माझ्या पाहण्यांतलीं दोन कुटुंबें एकाच वर्षीं एकाच गांवीं राहावयास आलीं. भाडें जवळजवळ सारखेंच. एका घरचा कर्ता कल्याणच्या शाळेंत शिक्षक होता. तो दिवेलागणीपूर्वीं घरीं येई, मुलांचा अभ्यास घेई, आणि परसांत त्यानें भाजी लाविली. दुसऱ्या घरचा गृहस्थ मुंबईच्या कोट विभागांतील एका कचेरींत होता. तो सकाळीं सहाला निघे, रात्रीं नवाला परते. त्याची मुलगी तेव्हां तीन वर्षांची होती. एका रविवारीं तिनें आईला विचारलें, "आज बाबा आपल्याकडे राहणार का?" त्या प्रश्नानंतर दोन महिन्यांनीं तें बिऱ्हाड ठाण्यास गेलें. गांव तेंच आणि हवाही तीच. फरक होता तो कामाच्या अंतरांत. म्हणून घर मुंबईपासून किती दूर आहे हें न पाहतां तें आपल्या कामापासून किती दूर आहे, हें पाहावें. ज्यांना आठवड्यांतून दोन-तीन दिवस घरूनच काम करतां येतें, त्यांचें गणित तर अगदींच निराळें होतें.

दुसरा हिशेब घरांत मागें राहणाऱ्यांचा. घर पसंत करणारा बहुधा दिवसभर बाहेर असतो, आणि त्या घरांत दिवस काढावा लागतो दुसऱ्यांना. दुपारीं बाराला मुलाला ताप भरला तर डॉक्टर किती दूर आहे? वृद्ध आईला महिन्यांतून एकदां इस्पितळांत न्यावयाचें असल्यास तें कोणत्या गांवीं आहे? मुलांची शाळा कितवीपर्यंत आहे, आणि पुढें तीं कोठें जाणार? शहरांत खालच्या दुकानांतून मिळणारी वस्तु येथें आणावयास किती चालावें लागतें? हे प्रश्न गृहिणीला विचारून मगच उत्तर लिहावें. शांतता ही गोड वस्तु खरी. परंतु दिवसभर बोलावयास कोणी नसलें कीं तिचेंच ओझें होतें. घर पाहावयास रविवारीं जाऊं नये. कामाच्या दिवशीं पहांटेच्या गाडीची वेळ गांठून जावें, आणि घरांतील बाईमाणसांनीं भर दुपारीं तेथें दोन तास बसून पाहावें.

तिसरा हिशेब पाण्याचा आणि ऋतूंचा. हा भाग सह्याद्रीच्या पायथ्याशीं आहे. कर्जत तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पण गंमत अशी कीं, जेथें आषाढांत अंगणांतून ओढा वाहतो तेथेंच चैत्र-वैशाखांत हंडाभर पाण्यासाठीं वाट पाहावी लागते. पाऊस डोंगरावरून धांवत खालीं येतो आणि नदीवाटे निघून जातो. खडकाळ जमिनींत तो फारसा मुरत नाहीं. म्हणून श्रावणांत घर पाहून ठरविणाऱ्याची फसगत होते. मालकाला विचारण्याऐवजीं शेजारच्या आजींना विचारावें: विहिरीचें पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतें? नळ किती दिवसांआड येतो? मे महिन्यांत टँकर मागवावा लागतो काय, आणि त्याचे पैसे कोण देतें? समुद्राचा वारा येथवर फारसा पोहोंचत नसल्यामुळें उन्हाळाही मुंबईपेक्षां कडक असतो. पत्र्याचें छप्पर असेल तर दुपारीं घरांत बसवत नाहीं. त्यांतच वीज गेली म्हणजे पंप बंद पडतो, आणि पंप बंद पडला म्हणजे वरची टाकी कोरडी राहते.

पावसाळ्याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. उल्हास नदी कर्जतच्या डोंगरांतून निघून नेरळ-बदलापुरावरून कल्याणकडे जाते, आणि लोहमार्गही बराचसा तिच्याच खोऱ्यांतून जातो. २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यांत अडकून पडली. हजारावर उतारूंना बचावपथकांनीं बाहेर काढलें. असे प्रसंग नित्याचे नव्हेत. तथापि नदीकांठचें घर घेतांना भिंतीवर जुन्या पुराची खूण आहे काय, हें डोळ्यांनीं पाहावें आणि गांवच्या जुन्या माणसांना विचारावें. शिवाय पुण्याकडील लांब पल्ल्याच्या गाड्याही याच लोहमार्गानें जातात. पावसानें अगर अन्य कारणानें एक गाडी खोळंबली कीं मागच्या सगळ्या खोळंबतात. अशा रात्रीं शहरांत कोणाकडे उतरतां येईल, हें आधींच ठरवून ठेवलेलें बरें.

चौथा हिशेब कागदाचा. आणि येथेंच भल्याभल्यांची चूक होते. गांवचा मालक गोड बोलतो, "कागद कशाला, साहेब? आपण घरचींच माणसें," म्हणतो, आणि शहरी मनुष्याला लेखी मागण्याचा संकोच वाटतो. एका कुटुंबानें असेंच तोंडी बोलण्यावर घर घेतलें, चार महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत रोख दिली, पावती घेतली नाहीं. पुढें ऐन जून महिन्यांत, शाळा सुरू होण्याच्या सुमारास, मालकानें जागा सोडण्यास सांगितलें. आणि अनामत मागतां घराच्या डागडुजींत ती खर्च झाली असें उत्तर मिळालें. त्यांच्याजवळ दाखवावयास कागदाचा तुकडाही नव्हता.

घर वापरावयास देण्याचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. भाडेपट्ट्यानें भाडेकरूस ठराविक मुदतीपुरता त्या जागेंत हक्क प्राप्त होतो. लीव्ह अँड लायसेन्सनें जागा वापरण्याची केवळ परवानगी मिळते. जागेंत हक्क उत्पन्न होत नाहीं. हा भेद १८८२ सालच्या कायद्यांपासून चालत आला आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानें एक वर्षाहून अधिक मुदतीचे भाडेपट्टे नोंदविणें सक्तीचें केलें. ती नोंदणी चुकविण्यासाठीं अकरा महिन्यांची वहिवाट पडली. परंतु ३१ मार्च २००० पासून अमलांत आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानें ही पळवाट बुजविली. तो कायदा ज्या क्षेत्रांस लागू आहे तेथें मुदत कितीही लहान असो, करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे, आणि नोंदविण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. ती त्यानें टाळल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. आणि वाद उपस्थित झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी ग्राह्य धरल्या जातात. त्याच कायद्यांत मालकाचेंही रक्षण आहे: परवान्याची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्यास दुप्पट दरानें भरपाई द्यावी लागते. मात्र हा कायदा परिशिष्टांत नमूद केलेल्या क्षेत्रांपुरता आहे. प्रत्येक खेडें त्यांत येतेंच असें समजूं नये. तो लागू असो वा नसो, करार नोंदवून घ्यावा हाच माझा सल्ला आहे. करारांत भाडें, अनामत व ती परत करण्याचा दिवस, पाण्याचा व विजेचा खर्च कोणाचा, डागडुजी कोणाची, आणि जागा सोडण्यापूर्वीं किती दिवसांची सूचना द्यावयाची, हीं कलमें स्पष्ट असावींत. अनामत बँकेमार्फत द्यावी. विजेच्या देयकावर व ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावतीवर नांव कोणाचें आहे, हें पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. जागा दाखविणारा तोच मालक, असें नेहमींच नसतें.

हे चारही हिशेब जमले, तर मग खुशाल जावें. पण जातांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. आपण ज्या शांततेसाठीं जातों, ती त्या गांवच्या लोकांनीं राखलेली आहे. विहिरीवर आपला पंप लावून शेजाऱ्याचें पाणी ओढणें, शेताच्या बांधावर केर टाकणें, ग्रामदेवतेच्या उत्सवाला नांवें ठेवणें आणि वर्षभर राहूनही शेजाऱ्याचें नांव ठाऊक नसणें, हें शहरांत खपून जात असेल. गांवांत खपत नाहीं आणि खपूंही नये. उलट, जो वेळेवर घरभाडें देतो, अडीअडचणीला धांवून जातो आणि पोरांना दोन अक्षरें शिकवितो, त्याचें बिऱ्हाड एका वर्षांत गांवचें घर होतें. अशा भाडेकरूला मालक सहसा उठवीत नाहीं.

शेवटीं एवढेंच. पहिला करार एका वर्षाचाच करावा, आणि त्या वर्षांत एक वैशाख व एक आषाढ पुरा अनुभवावा. वर्षाअखेर घरांतील सर्वांना, लहानांनाही, जवळ बसवून विचारावें कीं येथें राहावयाचें काय? त्या प्रश्नाला सर्वांचें उत्तर एकच आलें, तर तें घर भाड्याचें असलें तरी आपलेंच समजण्यास हरकत नाहीं.