रुबिकचा घन : वेग येतो कुठून?

मुरूड, रेवदंडा, श्रीवर्धन अशा कोणत्याही गावच्या कोळीवाड्यात कोळंबी सोलत बसलेल्या बायका पाहा. गप्पा चालू असतात, नजर भलतीकडे असते, पण बोटे थांबत नाहीत. आपण शेजारी बसून सोलू लागलो, तर त्यांची टोपली भरेपर्यंत आपल्या दहाबाराच कोळंब्या होतात. या वेगाला आपण ‘सवय’ म्हणतो. मात्र वर्गातल्या मुलाने रुबिकचा घन अर्ध्या मिनिटात सोडवला, की त्याला आपण ‘बुद्धी’ म्हणतो. मग ज्याला तो पहिल्या दिवशी जमत नाही, तो मुलगा घन कायमचा खाली ठेवतो. म्हणून हा वेग येतो कुठून, हे शिक्षकांनी समजून घ्यायला हवे.

बुडापेस्टमधील वास्तुशिल्पाचे शिक्षक एर्नो रुबिक यांनी १९७४ साली हा घन तयार केला. विस्कटलेला घन पुन्हा जुळवायला खुद्द त्यांना सुमारे एक महिना लागला! यात नवल नाही. घनाला ८ कोपरे आणि १२ कडांचे तुकडे असतात. त्यांच्या शक्य मांडण्या ४३ वर १८ शून्ये इतक्या होतात. दर सेकंदाला एक मांडणी तपासली, तर सर्व तपासायला विश्वाच्या वयाच्या जवळजवळ शंभरपट काळ लागेल.

अर्थात असे शोधत कोणी बसत नाही. नवशिका घन थराथराने जुळवतो. त्यासाठी सातआठ ठरावीक चालींच्या मालिका पाठ कराव्या लागतात. एकूण सुमारे सव्वाशे चाली होतात. सेकंदाला एक चाल धरली, तर दोन मिनिटे. पुढची पायरी म्हणजे जास्त मालिका शिकणे. प्रचलित प्रगत पद्धतीत शेवटच्या थरासाठीच ५७ आणि २१ अशा ७८ मालिका असतात. त्या आल्या, की साठेक चालींत काम होते. सेकंदाला तीन चाली जमल्या, तर २० सेकंद. (कोणतीही मांडणी जास्तीत जास्त २० चालींत सुटते, हे २०१० साली संगणकाच्या मदतीने सिद्ध झाले, पण तो सर्वांत छोटा मार्ग माणसाला पाहता पाहता सापडत नाही.)

म्हणजे वेळ तीन गोष्टींवर ठरतो : चाली किती, बोटे किती चपळ आणि मध्ये थबकणे किती. बहुतेकांचा वेळ थबकण्यात जातो. पाढे पाठ असलेले मूल ‘सात नव्वे’ ऐकताच ‘त्रेसष्ट’ म्हणते, मोजत नाही. तसेच मालिका हातात बसली, की मेंदू मोकळा होतो आणि डोळे पुढचा तुकडा शोधू लागतात.

सरावाचाही एक हिशेब आहे. क्रॉसमन यांनी १९५९ साली सिगार वळणाऱ्या कामगारांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. लाखो सिगार वळून झाल्यावरही कामगारांचा वेग थोडा थोडा वाढतच होता. साधारणपणे सराव दुप्पट झाला, की वेळ ठरावीक प्रमाणात घटतो. समजा, हे प्रमाण पाव आहे आणि दहाव्या वेळी १२० सेकंद लागले. तर विसाव्या वेळी ९०, चाळिसाव्या वेळी साधारण ६८ आणि ऐंशीव्या वेळी ५१ सेकंद लागतील. सुरुवातीला प्रगती भराभर दिसते, नंतर ती जणू थांबल्यासारखी वाटते. इथेच मुले कंटाळतात. म्हणूनच नियमित सरावाने एका मिनिटाच्या आत येणे सामान्य माणसाला जमते, चिकाटीने २० सेकंदही गाठता येतात. दहाच्या खाली मात्र थोडेच जातात.

१९८२ साली बुडापेस्टच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत मिन्ह थाई याने २२.९५ सेकंदांत बाजी मारली. आज तेवढा वेळ अनेक शाळकरी मुले सहज गाठतात. २०२३ साली मॅक्स पार्क या अमेरिकन तरुणाने ३.१३ सेकंदांचा विक्रम केला. तो स्वमग्न आहे. लहानपणी त्याला बोटांच्या बारीक हालचाली जड जात. त्या सुधाराव्यात म्हणून घरच्यांनी त्याच्या हाती घन दिला होता.

वर्गात एक घन आणि एक घड्याळ ठेवा. प्रत्येकाने रोज पाच वेळा घन सोडवून वेळ लिहावी. स्पर्धेतल्याप्रमाणे सर्वांत कमी व सर्वांत जास्त वेळ सोडून उरलेल्या तिन्हींची सरासरी काढावी आणि महिनाभर आलेख काढावा. प्रत्येकाने आपला आलेख आपल्याच कालच्या आलेखाशी ताडून पाहावा. खाली उतरत जाणारी ती रेषा एकदा स्वतःच्या हाताने काढली, की ‘मला जमणार नाही’ म्हणणारे मूल निदान ‘अजून जमले नाही’ असे म्हणू लागेल.