मुद्दल किती, ते आधी सांगा

ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी घातली. तेव्हापासून वाद एकाच प्रश्नाभोवती घोळतो आहे: पोकर हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा? नव्या कायद्याने तो फरकच पुसून टाकला आणि त्याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आल्या. या गदारोळात मी जेवढ्या चर्चा ऐकल्या, त्यांत एक प्रश्न कुणी विचारलेला मला आठवत नाही. खेळणाऱ्याकडे मुद्दल किती होतं?

माझ्या मते सगळं घोडं तिथेच अडतं. नो-लिमिट पोकरमध्ये पुढ्यातली सगळी रास कुठल्याही क्षणी पुढे सरकवता येते. १००-२०० ब्लाइंडचं, म्हणजे दोघांनी पत्त्यांआधीच लावायच्या सक्तीच्या रकमांचं, टेबल धरू. तुम्ही वीस हजार घेऊन बसलात, म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट. सहाशे लावलेत, एकाने कॉल केलं, म्हणजे तेवढेच लावले, दोन्ही ब्लाइंडवाल्यांनी पत्ते टाकले. पॉट झाला दीड हजार. फ्लॉपवर, म्हणजे टेबलवर पहिले तीन पत्ते उघडल्यावर, तुम्ही हजार लावलेत, त्याने कॉल केलं. टर्नवर, म्हणजे चौथ्या पत्त्यावर, अडीच हजार, पुन्हा कॉल. आता पॉट साडेआठ हजार आणि तुमच्या पुढ्यात उरले १५,९००. रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पत्त्यावर, तुम्ही काही न लावता चेक करता, आणि तो माणूस सगळ्या चिप्स मध्ये ढकलतो. सहाशे रुपयांपासून सुरू झालेला डाव चार पावलांत पूर्ण राशीवर आला.

गणित सरळ आहे. १५,९०० घालून २४,४०० मिळवायचे आहेत, म्हणजे शंभरात चाळीस वेळा तुमचे पत्ते वरचढ असले तरी कॉल करायलाच हवा. पण ते १५,९०० घराच्या हप्त्याचे असतील तर? हात आखडतो. योग्य कॉल सुटतो, आणि समोरचा मुरलेला असेल तर अर्ध्या तासात ओळखतो की या माणसाला रास लावणं परवडत नाही. मग तो प्रत्येक डावात तुम्हाला हुसकावून लावतो. खेळाडू याला ‘स्केअर्ड मनी’ म्हणतात. बँकरोल म्हणजे केवळ खेळासाठी बाजूला काढलेला पैसा. तो दिवाळं टाळण्यासाठी असतो हे खरं, पण त्याआधी तो नीट विचार करता यावा म्हणून असतो. पैसा अपुरा असला की कौशल्य असूनही वापरता येत नाही.

याचं सर्वांत हृदयद्रावक उदाहरण म्हणजे स्टू अंगर. न्यूयॉर्कचा हा मुलगा जिन रमीत इतका तरबेज होता की त्याच्यासमोर बसायला कुणी तयार होईना, म्हणून तो पोकरकडे वळला. लास वेगासमधली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा त्याने १९८० आणि १९८१मध्ये जिंकली. १९९७मध्ये तो परत आला, तेव्हा प्रवेशाचे दहा हजार डॉलरसुद्धा त्याच्याकडे नव्हते. ते पोकरपटू बिली बॅक्स्टरने भरले. अंगर तिसऱ्यांदा जिंकला. दहा लाख डॉलरचं बक्षीस दोघांनी निम्मं-निम्मं वाटून घेतलं. नोव्हेंबर १९९८मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, वेगासमधल्या एका स्वस्त मोटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. जवळ सुमारे आठशे डॉलर होते. अंत्यसंस्काराचा खर्च वर्गणी काढून करावा लागला. पत्त्यांत मिळवलेला पैसा घोड्यांच्या शर्यतींत, खेळांवरच्या पैजांत आणि अमली पदार्थांत गेला होता. कौशल्याबद्दल बोलायचं तर याच्याहून वर कोण? पण ‘हे पैसे खेळाचे, हे जगण्याचे’ अशी रेघ त्याने कधी मारली नाही.

दुसऱ्या टोकाला पोकरपटू ख्रिस फर्ग्युसन. २००६मध्ये त्याने खिशातला एक डॉलरही न घालता, फुकट स्पर्धांतून सुरुवात केली आणि सुमारे दीड वर्षात दहा हजार डॉलरपर्यंत मजल मारली. त्याचा नियम असा: एका कॅश टेबलवर एकूण बँकरोलच्या पाच टक्क्यांहून जास्त घेऊन बसायचं नाही, आणि टेबलवरची रास बँकरोलच्या दहा टक्क्यांवर गेली की उठायचं. (तो फुल टिल्ट या ज्या ऑनलाइन पोकर कंपनीच्या संचालकांपैकी होता, तिच्याकडे मात्र २०११मध्ये खेळाडूंच्या ठेवी परत करण्यापुरते पैसे नव्हते, हेही नोंदवायला हवं.)

पाच टक्के म्हणजे वीस बाय-इन, टेबलवर घेऊन बसायच्या रकमेच्या वीसपट. ते पुरतात का? समजा, एखादा दर शंभर डावांमागे सरासरी पाच मोठे ब्लाइंड जिंकतो. हा चांगलाच खेळाडू झाला. नो-लिमिटमध्ये शंभर डावांतला चढउतार नव्वद ब्लाइंडच्या आसपास धरतात. या हिशेबाने वीस बाय-इनवर त्याचं दिवाळं निघण्याची शक्यता साधारण साडेआठ टक्के, दहा बाय-इनवर एकोणतीस टक्के. रेक, म्हणजे टेबलमालकाचा प्रत्येक पॉटमधला वाटा, त्याची कमाई पाचावरून दोनवर आणत असेल, तर वीस बाय-इनवरही शक्यता सदतीस टक्क्यांवर जाते. आणि हे सगळं जिंकणाऱ्या खेळाडूचं. हरणाऱ्याला कितीही बँकरोल कमीच.

आपण जिंकणारे आहोत हे कळायचं कसं? दहा हजार डावांनंतरही त्या ‘पाच’ आकड्यातली चूक नऊ ब्लाइंड इकडे किंवा तिकडे असते. खरोखर चांगला खेळणाराही दहा हजार डावांअखेर तोट्यात असण्याची शक्यता एकोणतीस टक्के. ऑनलाइन चार टेबलं एकदम लावून एवढे डाव काही आठवड्यांत होत. प्रत्यक्ष टेबलवर तासाला जेमतेम तीस डाव पडतात, म्हणजे तीनशे तेहतीस तास. दर शनिवार-रविवार मिळून आठ तास धरले तर दहा महिने.

आपल्याकडे प्रत्यक्ष टेबल म्हणजे गोवा. महाराष्ट्राने १९७६चा कॅसिनो कायदा कधी अमलात आणलाच नाही आणि २०२३मध्ये तो रद्दही केला. त्यामुळे शुक्रवारी रात्री पणजीला मांडवीच्या धक्क्यावर मराठी कानावर पडतेच. तिथे कॅसिनोच्या बोटीची वाट पाहताना कोल्हापूरचा एक तरुण भेटला. त्याने खेळासाठी बँकेत वेगळं खातं ठेवलंय, चार लाखांचं, आणि प्रत्येक बैठकीची नोंद एका शाळकरी वहीत: तारीख, तास, नेले किती, आणले किती. मी वही पाहायला मागितली. लाल शाईची पानं जास्त होती.

‘‘सर, खातं तीन लाखांवर आलं की लहान टेबलवर जायचं, असं ठरवलं होतं,’’ तो म्हणाला. ‘‘फोनवर पाच-दहाचं टेबलसुद्धा मिळायचं. इथं उतरायला पायरीच नाही.’’

त्याचं म्हणणं खरं आहे, तरी बंदीचं मला दुःख नाही. रात्री दोनला अंथरुणातून तीनदा पैसे भरायला लावणाऱ्या ॲपने किती घरं पोखरली, हे सांगायला कुठल्या अहवालाची गरज नाही. पण उद्या न्यायालयाने दार किलकिलं केलंच, तर पुन्हा कौशल्य-नशिबाचा काथ्याकूट करत बसू नये. माणसाच्या उत्पन्नाच्या मानाने महिन्याला किती भरता येईल याची मर्यादा आधी ठरवा, आणि ती खेळाच्या मालकाला पाळायला लावा. फर्ग्युसनचा शिस्तीचा नियम शंभरातले पाच जण स्वतःहून पाळतील. बाकीच्यांसाठी कायदा असतो.

बोट आली तेव्हा मी त्या तरुणाला विचारलं, खात्यात आता किती आहेत? त्याने वहीचं शेवटचं पान उघडलं. दोन लाख साठ हजार. त्या रात्री तो वीस हजार घेऊन चालला होता.