पात्याच्या टोकाचा वेग : उभ्याने उडणाऱ्या विजेच्या विमानांचा वारा आणि आवाज

धावपट्टी न लागता जागेवरून सरळ वर उठणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या विमानांच्या घराण्याला दोन टोके आहेत. एका टोकाला चार-पाच माणसे नेणारी हवाई टॅक्सी आहे. दुसऱ्या टोकाला दहा लिटर औषध घेऊन पिकावरून फिरणारा फवारणीचा ड्रोन आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारच्या शिवारात हवाई टॅक्सी उतरायला अजून बराच अवकाश आहे. मराठवाड्यातल्या सोयाबीन-कपाशीला ड्रोन मात्र आता परका राहिलेला नाही. आकारात एवढा फरक असूनही दोन्ही यंत्रे एकाच नियमाने हवेत टिकतात आणि एकाच कारणाने आवाज करतात. त्यामुळे लहान यंत्र नीट समजले की मोठेही समजते.

हवा खाली ढकलण्याचा हिशेब

पंखा हवा खाली ढकलतो आणि त्याची प्रतिक्रिया यंत्राला वर उचलते. या व्यवहाराचे गणित रँकिनने १८६५ मध्ये आणि फ्रूडने १८८९ मध्ये जहाजांच्या प्रोपेलरसाठी मांडले होते. पाती फिरताना जी वर्तुळाकार चकती व्यापतात तिचे क्षेत्रफळ या गणितात सर्वांत महत्त्वाचे असते. तेवढेच वजन मोठ्या चकतीवर पेलले तर भरपूर हवा सावकाश ढकलून भागते. चकती लहान असेल तर थोडी हवा जोरात ढकलावी लागते आणि त्यात शक्ती जास्त खर्च होते.

भरलेल्या टाकीसह २५ किलो वजनाचा, सहा पंख्यांचा ड्रोन घ्या. प्रत्येक पंख्याचा व्यास ७६ सेंटिमीटर धरला तर सहा चकत्यांचे एकूण क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटरच्या आसपास भरते. अधांतरी स्थिर राहण्यासाठी चकतीतून हवा सेकंदाला सुमारे सहा मीटर वेगाने खाली जावी लागते. पुढे प्रवाह आकसतो आणि त्याचा वेग जवळजवळ दुप्पट, म्हणजे ताशी ४५ किलोमीटरपर्यंत जातो. गणिताप्रमाणे याला दीड किलोवॉट शक्ती पुरते. पाती आणि मोटरी यांतली घट धरली की प्रत्यक्षात अडीच किलोवॉटच्या पुढे लागते.

या हिशेबात मराठवाड्याचे हवामानही येते. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपासच्या या भागात मे महिन्यात पारा चाळीस अंशांवर गेला की हवेची घनता थंडीतल्या दहा अंशांच्या पहाटेपेक्षा जवळपास दहा टक्क्यांनी कमी होते. विरळ हवेत तेच वजन उचलायला सुमारे पाच टक्के शक्ती जास्त लागते आणि बॅटरी तेवढी लवकर उतरते. बॅटरीत मुळात ऊर्जा थोडी. चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये किलोमागे २५० वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा मावते, पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० वॉट-तास. म्हणून विजेच्या विमानाला अधांतरी राहण्याचे प्रत्येक मिनिट महाग पडते. यावर उपाय पंखांचा. वर उठेपर्यंत रोटर आणि पुढे जाताना पंख वापरले की खर्च एकदम खाली येतो. जोबी या कंपनीच्या हवाई टॅक्सीचे सहाही प्रोपेलर उड्डाणानंतर पुढे कलतात आणि विमानाचे वजन पंखांवर जाते, ते याचसाठी.

महाराष्ट्रातली या विद्येची वाटचाल थोडक्यात अशी. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये आयडियाफोर्ज कंपनी सुरू केली. ती आज नवी मुंबईत आहे. 'थ्री इडियट्स' चित्रपटातला ड्रोन तिचाच. डीआरडीओच्या साथीने तिने 'नेत्र' हा ड्रोन तयार केला आणि उभ्याने उठून पंखांवर उडणाऱ्या तिच्या 'स्विच' विमानाची मागणी २०२१ मध्ये भारतीय सैन्याने नोंदवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये देशाचे ड्रोन नियम आले आणि डिसेंबरमध्ये ड्रोनने फवारणी करण्याची कार्यपद्धती जाहीर झाली. पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला कोरोनाची लसही त्याच महिन्यात ड्रोनने गेली. २०२३ च्या अखेरीस महिला बचतगटांसाठी 'नमो ड्रोन दीदी' योजना आली.

पिकावर पडणारा वारा

ड्रोनखालचा वारा औषधाचा वाहक असतो. पिकावर दोन-तीन मीटर उंचीवरून सावकाश जाणारा ड्रोन पाने उलटीपालटी करतो, त्यामुळे थेंब पानांच्या खालच्या अंगालाही पोहोचतात. पांढरी माशी, तुडतुडे अशी रसशोषक कीड तिथेच दडलेली असते. वेग वाढला की हा प्रवाह सरळ खाली न जाता मागे कलतो आणि त्याच्या दोन्ही कडांना भोवरे गुंडाळले जातात. बारीक थेंब त्या भोवऱ्यांत सापडले तर शेजारच्या वावरात जाऊन पडतात. उलट ड्रोन फार खाली उतरवला तर कोवळे पीक आडवे होते. म्हणजे उंची आणि वेग यांची सांगड घालणे हीच फवारणीची खरी कसोटी आहे.

या वाऱ्याचे मोल माणसांच्या जिवाशी जोडलेले आहे. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या कपाशीत शिरणारा माणूस आपल्याच फवाऱ्यात चालत असतो. ड्रोन त्याला बांधावर उभा ठेवतो. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा हे यंत्र नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

खाली उतरताना हाच वारा उलटतो. यंत्र स्वतःच्या प्रवाहात सरळ आणि वेगाने उतरू लागले की चकतीभोवती हवेचे कडे तयार होते, तीच हवा पुन्हा पुन्हा वरून आत ओढली जाते आणि उचल घटते. हेलिकॉप्टरचे वैमानिक या अवस्थेला फार जपतात. ड्रोन उतरताना डगमगतो तोही बहुधा याच अवस्थेच्या उंबरठ्यावर असतो. थोडे पुढे सरकत तिरके उतरले की स्वच्छ हवा मिळते आणि यंत्र सावरते.

आवाज कुठून येतो

विजेच्या मोटरीत स्फोट होत नाहीत, धुराडे नसते. तरीही ड्रोन आवाज करतो, कारण आवाज करणारे मुख्य अंग पाते आहे. रशियन शास्त्रज्ञ गुतिन यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले की हवेवर जोर देणारे पाते फिरत असल्याने दूरच्या श्रोत्याला तो जोर ठरावीक ठेक्याने कमीजास्त होताना जाणवतो आणि तोच स्वर म्हणून ऐकू येतो. १९६९ मध्ये फॉक्स विल्यम्स आणि हॉकिंग्ज यांनी हलत्या पृष्ठभागांच्या आवाजाचे व्यापक समीकरण दिले. आजही रोटरच्या आवाजाची गणिते त्याच पायावर उभी आहेत.

पात्यांची संख्या आणि सेकंदाला होणाऱ्या फेऱ्या यांचा गुणाकार केला की मूळ स्वर मिळतो. वरच्या ड्रोनचा दोन पात्यांचा पंखा मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असेल तर तो स्वर १०० हर्ट्झचा होतो आणि त्याच्यावर २००, ३००, ४०० हर्ट्झचे उपस्वर चढतात. चेतक हेलिकॉप्टरला तीन पाती असतात आणि रोटर मिनिटाला सुमारे ३५० फेऱ्या घेतो. त्याचा मूळ स्वर साडेसतरा हर्ट्झच्या आसपास येतो. इतका खालचा स्वर कानापेक्षा छातीला आणि खिडकीच्या तावदानांना जास्त जाणवतो. माणसाचा कान २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. त्यामुळे लहान पंख्यांचे वरचे उपस्वर क्षीण असले तरी कान ते चटकन पकडतो.

स्वरांखेरीज एक अखंड सळसळ असते. पात्याच्या मागच्या धारेवरून सुटणारी खळबळलेली हवा ती निर्माण करते. तिसरा प्रकार ठोक्यांचा. एका पात्याच्या टोकाने सोडलेला भोवरा मागून येणारे पाते कापते, तेव्हा तडतड ऐकू येते. उतरत्या हेलिकॉप्टरचा ओळखीचा आवाज बराचसा त्यातूनच येतो. अनेक पंख्यांच्या यंत्रात पुढच्या पंख्याचे भोवरे मागच्या पंख्यात शिरण्याची शक्यता वाढते, म्हणून पंखे कुठे बसवायचे हा आवाजाचाही प्रश्न असतो.

या सर्वांवर हुकमत टोकाच्या वेगाची. पंख्याचा आवाज ढोबळमानाने टोकाच्या वेगाच्या पाचव्या-सहाव्या घाताने वाढतो. तो वेग निम्मा केला तर आवाज १५ ते १८ डेसिबलने उतरतो. चेतकच्या पात्याचे टोक सेकंदाला २०० मीटरच्या आसपास धावते, वरच्या ड्रोनचे सुमारे १२०. पात्यांची संख्या आणि रुंदी वाढवून, चकती मोठी ठेवून फेऱ्या कमी करणे हा शांततेचा राजमार्ग आहे. विशेष म्हणजे मोठी, सावकाश चकती वीजही वाचवते. काटकसर आणि शांतता इथे एकाच दिशेने जातात. उड्डाणशास्त्रात असे सुदैव फार वेळा लाभत नाही.

कानाला काय बोचते

डेसिबलचा आकडा सारखा असला म्हणून त्रास सारखा होत नाही. नासाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात श्रोत्यांना ड्रोनचे आणि रस्त्यावरच्या वाहनांचे आवाज ऐकवले. तेवढाच त्रास वाटायला ड्रोनचा आवाज वाहनांपेक्षा साडेपाच डेसिबलच्या आसपास कमी ठेवावा लागतो, असे त्यातून दिसले.

त्याचे एक कारण ड्रोनच्या तोल सावरण्यात आहे. हेलिकॉप्टर पात्यांचा कोन बदलून तोल सांभाळते आणि फेऱ्या स्थिर ठेवते. बहुतेक ड्रोन मात्र प्रत्येक पंख्याच्या फेऱ्या क्षणोक्षणी बदलतात. वाऱ्याची झुळूक आली की सहा पंखे सहा वेगळ्या स्वरांत बोलू लागतात. एक १०० हर्ट्झवर आणि दुसरा १०३ वर असेल तर सेकंदाला तीन हेलकावे उमटतात. तानपुऱ्याच्या तारा जुळवताना असेच हेलकावे ऐकून गवई स्वर मिळवतो. ड्रोनमध्ये ते कधीच मिटत नाहीत, म्हणून कान पुन्हा पुन्हा तिकडे ओढला जातो. यावर दोन दिशांनी काम चालते : पात्यांचा कोन बदलण्याची सोय करून फेऱ्या स्थिर ठेवणे, किंवा पाती असमान अंतरावर बसवून एका स्वराची ऊर्जा अनेक स्वरांत वाटणे. ईसी १३५ हेलिकॉप्टरच्या शेपटीतल्या झाकलेल्या पंख्याची दहा पाती अशीच असमान अंतरावर आहेत.

औंढ्याची शांतता

जवळा बाजार ज्या औंढा नागनाथ तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमध्ये प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी बदल टिपायचा असतो. तिचा संवेदनपट्टा दहा हर्ट्झपासून काही हजार हर्ट्झपर्यंत जातो आणि रोटरचे स्वर नेमके त्याच पट्ट्यात पडतात.

अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांमध्ये म्हणूनच मायक्रोफोन, भूकंपमापक आणि चुंबकत्वमापक सतत चालू असतात. वरून गेलेल्या विमान-हेलिकॉप्टरांच्या खुणा त्यांत उमटतात आणि खरी लहर ओळखताना त्या वगळाव्या लागतात. त्यांतल्या हॅनफर्डच्या वेधशाळेत २०१७ च्या उन्हाळ्यात तर डोमकावळे थंड नळ्यांवर साचलेला बर्फ टोचत होते आणि त्या टोचण्याची नोंद यंत्रात झाली होती. एवढ्या नाजूक उपकरणाच्या तालुक्यात आकाशातल्या आवाजाचा अभ्यास हा शेतीइतकाच विज्ञानाचाही विषय ठरतो.

मोजमाप आणि मर्यादा

नासाने २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात पन्नासहून अधिक मायक्रोफोन मांडून जोबीच्या विमानाचा आवाज मोजला. सुमारे ५०० मीटर उंचीवरून शंभर नॉटच्या वेगाने जाताना जमिनीवर ४५.२ डेसिबल आले. उठता-उतरताना शंभर मीटर अंतरावर आवाज ६५ डेसिबलच्या खाली राहिला. अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने घटतो. या नियमाने शंभर मीटरवरचे ६५ डेसिबल पाचशे मीटरवर ५१ च्या आसपास यायला हवेत. त्याहून खालचा आकडा सांगतो की वजन पंखांवर गेले की प्रोपेलरचा भार हलका होतो आणि यंत्र शांत होते.

भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रासाठी ५० आणि ४० डेसिबल अशा मर्यादा आहेत. त्या ठरावीक काळाच्या सरासरीवर बेतलेल्या आहेत. क्षणभर येऊन जाणारा, हेलकावणारा स्वर सरासरीत बुडून जातो. माणसाच्या कानात तो बुडत नाही. म्हणून उभ्याने उडणाऱ्या यंत्रांसाठी सरासरीबरोबर स्वराची ठळकता, त्याचे हेलकावे आणि दिवसातल्या फेऱ्यांची संख्याही मोजली पाहिजे. मोठी चकती, सावकाश पाते, स्थिर फेऱ्या, जमेल तितके पंखांवरचे उड्डाण आणि वस्तीपासून राखलेले अंतर या पाच गोष्टी जिथे एकत्र येतील, तिथे हे विमान शेतालाही परवडेल आणि गावालाही.