न दुखणारी गाठ



आपल्या खेड्यांत दुखणे हाच सर्वांत जुना वैद्य आहे. दाढ ठणकली, पोटात कळ आली, पायात काटा मोडला, की माणूस हातचे काम टाकून उठतो आणि घरची माणसेही ‘जा, दाखवून ये’ असे म्हणतात. स्तनाचा कर्करोग या वैद्याला चकवितो. त्याची गाठ आरंभी सहसा दुखत नाही. जी बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत राबते, तिने न दुखणाऱ्या गाठीसाठी दिवस मोडावा कसा, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच होय. २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा अंदाज आहे. शहरापेक्षा खेड्यात त्याचे प्रमाण कमी आहे, हे खरे. पण खेड्यातली रुग्ण पुष्कळदा उशिरा येते, आणि उशिराची किंमत जिवाने द्यावी लागते.

यावर उपाय म्हणून चाळणी तपासणी सांगतात. चाळणी म्हणण्याचे कारण असे, की जिला काही त्रास नाही तिलाच तपासावयाचे आणि संशयास्पद तेवढे बाजूला काढावयाचे. धान्य चाळताना चाळणीत राहिलेली प्रत्येक वस्तू खडाच असते असे नाही. तसेच हाताला लागलेल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. केंद्र सरकारने २०१६ साली असे ठरविले, की ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची ही तपासणी प्रशिक्षित सेविकेने दर पाच वर्षांनी हातांनी करावी. यंत्र नको, सुई नको, काही मिनिटांचे काम. तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी शंभरात एकीचीसुद्धा अशी तपासणी कधी झालेली आढळली नाही.

मग अडते कोठे? ‘बायका अडाणी आहेत, लाजतात’ हे उत्तर सोपे आहे, म्हणूनच ते तपासून घेतले पाहिजे.

लाज आहे, हे नाकारता येत नाही. स्तनाला आपण ‘छाती’ म्हणतो. बाई ‘छातीला काहीतरी लागतंय’ म्हणाली, की ऐकणारा हृदयाचा किंवा खोकल्याचा विचार करू लागतो. पण तपासणारा पुरुष असेल, खोलीला दार नसेल आणि बाहेर रांगेत दीर उभा असेल, तर ती लाज बाईचा दोष कशी ठरते? ती तर व्यवस्थेची उणीव.

दुसरी अडचण मजुरीची. मराठवाड्यातील ऊसतोड करणारी जोडपी दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. फडावर एक दिवस खाडा झाला तर त्याचा दंड कापला जातो. त्याच महिन्यांत गावात शिबिर भरविले, तर ‘बायका आल्या नाहीत’ एवढीच नोंद उरते.

तिसरी अडचण भीतीची. गाठ निघाली तर नवरा टाकील काय, मुलीचे लग्न अडेल काय, उपचारासाठी जमीन विकावी लागेल काय, हे प्रश्न तिच्या मनात असतात. आणि ही भीती निराधार म्हणता येत नाही. उपकेंद्रात गाठ सापडली, पण पुढे कोठे जावे, सोबत कोण येईल, खर्च कोण देईल हे कोणी सांगितले नाही, तर ती तपासणी नसून निव्वळ धास्ती देणे होय.

आता, बायका येतातच की नाही याचा पुरावा पाहू. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून गरीब वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या जणींची प्रशिक्षित स्त्री-कार्यकर्त्यांनी दोन-दोन वर्षांनी, चार वेळा, हातांनी तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूंत तशी घट दिसली नाही, हेही सांगितले पाहिजे.

ही झाली शहराची गोष्ट. खेड्याचा दाखला बार्शीचा आहे. तेथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी मोठा प्रयोग झाला. तो रोग वेगळा, पण तपासणी अधिकच संकोचाची. तरीही गावोगाव जाऊन समजावून सांगितल्यावर स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या. कारण ज्यांच्यात दोष आढळला, त्यांच्या उपचाराची सोय बार्शीच्या रुग्णालयात केलेली होती.

तेव्हा बाईला उपदेश करण्याआधी गावाने चार गोष्टी कराव्यात. तपासणी ऊसतोडीहून परतल्यावर ठेवावी. दार व पडदा असलेली खोली द्यावी. तपासणारी स्त्री असावी. आणि गाठ आढळली तर जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत सोबत कोण जाणार, हे आधीच ठरवावे. यांतील एकाही गोष्टीला मोठे यंत्र लागत नाही; ग्रामसभेची एक बैठक पुरते. एवढे झाल्यावरही एखादी आली नाही, तर मग तिला कारण विचारण्याचा अधिकार आपल्याला पोहोचेल.